पांजणीची जागा

१७ फेब्रुवारी १९६४, सोमवार

...आणि खळ फार गार होऊ द्यायची नाही, फार गरमही घ्यायची नाही. करंगळी बुडवून बघायची. त्या दिवशीही तशीच बघितली आणि पातेलं उंबऱ्यावर आणून ठेवलं. हाक मारावी लागत नसे. पातेल्याचा आवाज झाला की हे उठून बाहेर येत. त्याआधी माझा सडा झालेला असे, ज्वारीचं पीठ कालवून खळ शिजलेली असे, दोन कुंचे पाण्यात भिजत घातलेले असत. समोर साठ हात लांब ताणा बांबूच्या कैच्यांवर ताणलेला. हे एका बाजूनं कुंचा मारत जायचे, मी दुसऱ्या बाजूनं. मधे सूत. सुतातून त्यांचं धोतर तेवढं दिसायचं. बोलणं काहीच नसे. तुटलेला धागा सापडला की दोघंही थांबायचो, ते गाठ मारायचे, परत चालू.

सूर्य कवठाच्या झाडावर आला की ताणा वाळलाच पाहिजे आणि गुंडाळून घरात गेलाच पाहिजे. ऊन चढलं की सूत कडक होतं, मग तडातडा तुटतं. आठ वाजता जागा परत झाडून मोकळी. उद्या तिथं दुसऱ्याचा ताणा यायचा असे.

त्या दिवशी विशेष काही झालं नव्हतं. म्हणूनच तो दिवस इतका लक्षात का राहिला ते मला कळत नाही. मार्च महिना होता, सन १९६०. पुढच्या महिन्यात हे गेले, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात महाराष्ट्र झाला. मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली, मी आत बसून ऐकली.

दोन्ही बाजूंच्या घरांमधली ही लांबट जागा, हिला आम्ही पांजणी म्हणतो. ताण्याला खळ लावायची जागा म्हणून पांजणी. गल्लीत अकरा घरं, काही आमच्या लिंगायतांची, काही मोमीनांची. मोमीन म्हणजे मुसलमान विणकर. जागा कुणाची असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

आजही पहाटे चारला जाग आली. उठून काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून ही वही काढली. अक्षरं मी सुताच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या आणि किराणा बांधून आलेले कागद वाचून शिकले. जोडाक्षरं अजून चुकतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चावडीच्या भिंतीवर मोजणीचे कागद लावलेत. गेल्या महिन्यात साखळी घेऊन माणसं आली होती, सगळं गाव मोजून गेली. आता कुठली जागा कशाची ते छापून आलंय. मी वाचत उभी राहिले तर कोतवाल बब्रुवान म्हणाला,

"काय वाचताव आक्का? तुमचं नाव न्हाय त्यात."

"नाव नाही म्हणूनच वाचते."

"मग बसा वाचत. चार हात कागद हाय. संध्याकाळची भाकर हितंच पाठवून देतो."

आमचं घर सापडलं. वापर, राहण्याचा. समोरचं खाजाभाईंचं घर, तेही राहण्याचं. खाली एक ओळ होती. "खुली जागा. वापर काही नाही. धारक सरकार." चारी दिशांना कोण कोण आहे ते वाचलं तेव्हा कळलं की ही आमची पांजणी.

बब्रुवानला विचारलं, पुढं काय? तो म्हणाला, नगरपालिका मागून घेणार. जळकोटच्या रस्त्याच्या बाजूला तोंड करून दुकानाचे गाळे पडणार, लिलाव होणार, सोलापूरचे व्यापारी आत्ताच विचारून गेलेत. हरकत असेल तर एक महिन्यात अर्ज द्यायचा.

घरी येऊन दार लावून बसले. "वापर काही नाही." या शब्दांत जोडाक्षर नसूनही मला ते दोनदा वाचावे लागले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते.

मोजणीचा साहेब येणार अशी दवंडी झाली तेव्हा मीच गल्लीभर फिरले होते. सगळ्यांना झाडायला लावलं. खाजाभाईंच्या भिंतीला जुन्या कैच्या टेकवलेल्या होत्या, त्या आत ठेवायला लावल्या. खळ शिजवायचे तीन दगड माझ्या दाराशी होते, तेही उचलले. ताणा बांधायचे दोन खुंट जमिनीत होते ते उपटून भोकं मातीनं बुजवली आणि वरून शेणानं सारवलं. पाहुणा येताना घर आवरतो तसं. साखळीवाला म्हणाला, "वा, काय स्वच्छ जागा आहे!" मला बरं वाटलं. चहा दिला.

दुसऱ्या कुठल्या गल्लीत असं झालं नसतं. कुणी गोठा दाखवला असता, कुणी कडबा. आमच्या लोकांना काम झालं की जागा पुसून टाकायची सवय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज लिहिला. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. "विणकर लोक पूर्वीपासून या जागेत पहाटे ताणा पांजतात, तरी ही जागा पांजणीची म्हणून लिहावी व मोकळी ठेवावी." वर माझं नाव घालायचं तर नवऱ्याचं घालावं लागतं. तोंडानं मी ते नाव कधी घेतलं नाही. कागदावर लिहिलं. शिवगंगा गुरुसिद्धप्पा. लिहून झाल्यावर किती तरी वेळ बघत बसले.

मग सह्या. अण्णाराव भावजी, म्हणजे ह्यांचे चुलत भाऊ, आता माग सोडून बाजारात खांद्यावर कापड विकतात. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"वैनी, सही करतो की. तुमी म्हणल्यावर करतोच. पण एक सांगा, घराचा प्लाट किती फुटाचा असतो म्हणं सरकारी?"

"मला काय ठाऊक?"

"न्हाय, तुमी वाचताव म्हणून इचारलं."

त्यांचं लक्ष नेहमीच भलतीकडे असतं.

ताहेराबीनं अंगठा दिला. ती खाजाभाईंची बायको, माझ्याच वयाची. चाळीस वर्षं आमची दारं समोरासमोर. "अक्का, तुम बोले तो मैं दस अंगूठे देतूं. पन इत्ती लंबी जागा..."

"लांब कुठली? ताण्याला कमीच पडते."

"हौ. ताण्याला कमीच पडती," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. चूल फार धुपत होती तिची. दोन खोल्यांत अकरा माणसं, त्यात एका खोलीत माग. सुनेची, गुलबानोची, बाज बाहेर लिंबाखाली असते. गेल्या पावसाळ्यात ती तान्ह्या मुलाला घेऊन माझ्या पडवीत निजायची.

अकरा घरांच्या सह्या आणि अंगठे झाले. कुणी नाही म्हटलं नाही. एवढी एकी आमच्या गल्लीत मी प्रथमच बघितली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी बघते तर खाजाभाईंचा मुलगा मुनवर पांजणीवर पावलं टाकून मोजतोय. बारा पावलं, मग एक दगड, परत बारा पावलं. दोन मुलांचा बाप झाला तरी चालणं लहानपणचंच आहे, पाय आत टाकून. मला बघून थांबला.

"काय रे मुनवर?"

"कुछ नै मौसी, ऐसाच."

दगड पायानं बाजूला सारले आणि गेला. साहेबाला दाखवायला मोजमाप काढत असेल. न सांगता काम करायची बापाची रीत त्याच्यात आली आहे.

४ मार्च, बुधवार

चौकशीचे साहेब शाळेच्या ओसरीवर बसतात. अर्ज दिला. वयानं लहानच आहेत, बोलायला सभ्य. म्हणाले, जागा बघायला येईन, गुरुवारी बारा तारखेला, अकरा वाजता.

मी म्हटलं, "साहेब, अकराला नको. पहाटे सहाला या. पांजणी पहाटे होते."

कारकून हसला. "बाई, सरकार सहाला उठत नाही."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मी अकराला येईन आणि जे दिसेल ते लिहीन. जे दिसत नाही ते कसं लिहू?"

बरोबरच आहे त्यांचं. पण मग जी कामं पहाटे होतात ती सगळी न झालेलीच धरायची का? हे मी विचारलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

८ मार्च, रविवार

ताणा दाखवायचा तर ताणा पाहिजे. आणि गल्लीत ताणा नाही. जे दोन-तीन माग चालतात त्यांना सोलापूरहून खळ लावलेलं तयार सूत येतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मोजून बघितलं नव्हतं. आज मोजलं. ह्यांच्यानंतर पांजणीवर एकही ताणा पडलेला नाही.

माझ्या ट्रंकेत तीन लुगड्यांचं सूत आहे. निळं, काठाला तांबडं. ह्यांनी शेवटच्या खेपेला आणलेलं. कुणासाठी ते बोलले नाहीत, बहुतेक बाजारासाठीच. दर दिवाळीला काढते, ऊन दाखवते, परत ठेवते.

दुपारी खाजाभाईंना बोलावून ट्रंक उघडली. त्यांनी सूत हातात घेतलं, ओढून बघितलं, वास घेतला.

"अक्का, आप्पाजी का माल है. सोच लो." ह्यांना ते आप्पाजी म्हणत.

"विचार केला."

"ग्यारा बजे तक खड़ा रखना है बोले तो..." सुताचे तेही जाणते आहेत आणि मीही.

"राहील तेवढं राहील," मी म्हटलं.

मागवाल्या बाकीच्यांना सांगून तीन दिवसांत ताणा तयार करून देतो म्हणाले. बोटं सुजली आहेत त्यांची, तरी.

१२ मार्च, गुरुवार

आजचं सगळं लिहिते.

पहाटे चारला खळ शिजवली. करंगळी बुडवली. बाहेर आले तर सगळी गल्ली उभी. भावजी बाजार सोडून आलेले, ताहेराबी, गुलबानो, मुनवर. मुलं झोपेतून उठून पायरीवर बसलेली, कारण त्यांनी हे कधी बघितलेलंच नव्हतं. खुंट परत ठोकले. कैच्या लावल्या. ताणा ओढला तेव्हा निळी पट्टी एकदम उचलली गेली आणि जागा पहिल्यासारखी झाली.

खाजाभाई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. हात विसरलेले नव्हते. खाजाभाईंचा कुंचा जरा हळू चालत होता. मधे एकदा धागा तुटला, आम्ही थांबलो, त्यांनी गाठ मारली. मी सुतापलीकडे बघितलं नाही. न बघता चालत राहिले. साठ हात जाऊन परत येताना मला थोडा वेळ सगळं विसरायला झालं, हे खरं आहे.

भावजी म्हणाले, "वैनी, आजून तसाच हात हाय की तुमचा."

"अन् तुमचा कुठं गेला? धरा तो कुंचा."

"मी आता यापारी मानूस," म्हणाले, पण धरला. दोन फेऱ्या मारल्या आणि कमरेला हात लावून बसले. पोरं हसली. ताहेराबी म्हणाली, "सेठजी थक गये, इनकू गादी लाव!"

सात वाजले. साडेसात. ताणा वाळला, सुरेख वाळला. आठ वाजता आमचे सगळ्यांचे हात आपोआप पुढं झाले गुंडाळायला. मी म्हटलं, "राहू द्या."

नऊ वाजता खाजाभाई म्हणाले, "अक्का, धूप चढ गई. उतारूं?"

"नको."

सगळे लिंबाच्या सावलीत बसलो. पहिला धागा तुटला तो ऐकू आला. मग दुसरा. दहानंतर मोजायचं सोडलं. चिंचोके भाजताना होतो तसा आवाज. खाजाभाई उठून गाठी मारायला जायचे, परत यायचे. शेवटी तेही बसले.

साहेब साडेअकराला आले. ताण्याचे मधले निम्मे धागे लोंबत होते. त्यांनी लांबी मोजायला लावली. मग विचारलं, "पांजणी रोज होते?"

मी काही बोलायच्या आत खाजाभाई म्हणाले, "हौ साब. रोज."

भावजी म्हणाले, "पिढ्यान् पिढ्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "अर्ज तुमचा आहे, बाई. रोज होते?"

मी "होय" म्हटलं.

कारकुनानं लिहून घेतलं. साहेब म्हणाले, या जबाबावर उद्या शाळेत येऊन सही करा, तुमच्या सहीवर मी नोंद बदलतो. जागा विणकरांच्या वापराची म्हणून लागेल. मग तिथं कुणाला कसलंही बांधकाम करता येणार नाही, ना नगरपालिकेला, ना तुम्हाला.

मला आनंद झाला. सगळ्यांकडे बघितलं. सगळे जमिनीकडे बघत होते. थकले असतील असं वाटलं.

दुपारी तुटका ताणा गोळा करत होते तेव्हा गुलबानो मदतीला आली. बराच वेळ सूत सोडवत बसली. मग म्हणाली,

"मौसी, एक बात बोलूं? अब्बाजानकू नक्को बोलना."

"बोल."

तिनं सांगितलं. जानेवारीत, मोजणी व्हायच्या आधीच, गल्लीतल्या नऊ घरांनी मिळून नगरपालिकेत अर्ज दिला होता. या जागेवर आम्हाला घरासाठी प्लॉट द्या, असा. मुनवरचं नाव पहिलं. अण्णाराव भावजींचं तिसरं. मी हरकतीचा कागद घेऊन दारोदार फिरले तेव्हा खाजाभाईंनी मशिदीच्या पायरीवर सगळ्यांना बोलावून सांगितलं, आप्पाजींच्या घरातून चार वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं जातंय, कुणी तोंड उघडायचं नाही.

"तुमारा दिल नै तोड़ना बोले," ती म्हणाली.

"मग तू का सांगितलंस?"

तिनं पोटावर हात ठेवला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाचवा महिना.

"बरसात आती ना मौसी," म्हणाली.

ती गेल्यावर मला आधी राग आला. मोकळं लिहिते. दहा घरांनी मला लहान मुलासारखं वागवलं. माझ्यासमोर सह्या केल्या, माझं सूत उन्हात जळताना बघत बसले, आणि एकालाही काही म्हणावंसं वाटलं नाही. मग दुसरा विचार आला, की त्यांनी म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं का? ताहेराबी बोलायला लागली होती तेव्हा मीच तिचं वाक्य तोडलं होतं.

हे असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत नाही. लोक सांगतात की अशा वेळी गेलेल्या माणसाचा आवाज आतून येतो. मी बसून वाट बघितली. आला नाही. खाजाभाईंच्या घरातून मूल रडल्याचा आवाज तेवढा आला.

जागा मोकळी राहिली तर रोज सकाळी मी दार उघडून बघू शकेन. एवढंच तिचं काम उरलंय. माझ्या एकटीच्या बघण्याला साहेबांच्या कागदात कुठला रकाना असेल?

१३ मार्च, शुक्रवार

आज सकाळी शाळेत गेले. कारकुनानं जबाब वाचून दाखवला. "दररोज" आलं तिथं मी थांबवलं. साहेबांना सांगितलं की मी काल खोटं बोलले, आणि बाकीचे माझ्यासाठी बोलले. चार वर्षांत पांजणी झालेली नाही, कालचा ताणा तुम्हाला दाखवायला घातला होता. साहेब म्हणाले, मग तुमची हरकत जाते. मी म्हटलं, जाऊ द्या, पण जबाबात एवढं लिहून घ्या की इथं दुकानं नकोत, घरं पाहिजेत, आणि गल्लीतल्या नऊ घरांचा अर्ज आधीपासून नगरपालिकेत आहे. ते म्हणाले, देणं माझ्या हातात नाही, पण लिहून घेतो आणि पालिकेला कळवतो. लिहिलेलं मी स्वतः वाचलं, सही केली, आणि तिथून नगरपालिकेत जाऊन त्या नऊ घरांच्या अर्जावर आणखी कुणी हरकत घेतली आहे का ते विचारून आले. कुणी घेतलेली नाही. येताना गुलबानोला सांगितलं.